पाण्याखालचे छायाचित्र

फ्रान्सच्या दक्षिणेस, स्पेनच्या सरहद्दीजवळ, भूमध्य समुद्राच्या काठी बान्युल्स-सूर-मेर नावाचे एक गाव आहे. तेथे सागरी जीवांचा अभ्यास करण्यासाठी एक प्रयोगशाळा असून तिला आरागो या शास्त्रज्ञाचे नाव दिलेले आहे. इ. स. १८९३ मध्ये या प्रयोगशाळेतील लुई बूताँ नावाचा प्राणिशास्त्रज्ञ पाणबुड्याचा जड पोशाख अंगावर चढवून समुद्रात उतरला. डोक्यावर धातूचे शिरस्त्राण, पायांत शिशाचे तळ लावलेले बूट आणि वरच्या होडीतून हवा पुरवणारी रबरी नळी, असा त्या काळच्या पाणबुड्याचा थाट असे. हे उतरणे बूताँला नवे नव्हते. शंखशिंपल्यांतील जीवांचे निरीक्षण करण्यासाठी तो यापूर्वीही तळाशी जाऊन आला होता. मात्र या वेळी त्याच्याबरोबर कॅमेरा होता.

समुद्रतळाचा देखावा पाहून बूताँ मोहून गेला होता. खडकांच्या कपारी, त्यांवर डोलणारी समुद्रवनस्पतींची राने, त्यांतून निर्भयपणे हिंडणारे माशांचे थवे हे सारे त्याने डोळे भरून पाहिले होते. पण पाहिलेले दुसऱ्यास दाखवायचे कसे? शब्दांत वर्णन करावे, तर ते ऐकणाऱ्याला परीकथा वाटे. पाण्यातून वर काढलेला जीव टेबलावर ठेवावा, तर त्याचे रंग फिके पडत आणि त्याच्या भोवतालची सृष्टी खालीच राहून जाई. तेव्हा त्या सृष्टीचे छायाचित्रच वर आणावे, असे त्याने ठरविले.

ठरविणे सोपे होते. बूताँचा भाऊ ओग्युस्त हा अभियंता होता. त्याने कॅमेऱ्यासाठी तांब्याची एक जलाभेद्य पेटी तयार केली. पाण्यात दर १० मीटर खाली गेले की दाब सुमारे एका वातावरणाइतका वाढतो. म्हणजे दर चौरस सेंटीमीटरवर जवळजवळ एक किलोग्रॅमचा भार अधिक पडतो. हा दाब पेटीच्या सांध्यांतून पाणी आत ढकलू पाहतो. यावर ओग्युस्तने काढलेली तोड मोठी नामी होती. त्याने पेटीला हवेने भरलेला एक रबरी फुगा जोडला. पेटी खाली जाऊ लागली की पाण्याच्या दाबाने फुगा चेपला जाई आणि त्यातील हवा पेटीत शिरे. त्यामुळे आतला दाब बाहेरच्या दाबाबरोबर वाढत राही. शत्रूच्याच बळाने शत्रूला दाराबाहेर थोपवावे, तसा हा प्रकार होता.

पाण्याचा बंदोबस्त झाला, पण प्रकाशाचे काय? त्या काळच्या काचा मंद होत्या. त्यांवर चित्र उमटण्यास पुष्कळ प्रकाश लागे, आणि समुद्रतळाशी तर प्रकाशाचीच वाण. कॅमेरा तिवईवर ठेवून बूताँला कधी कधी अर्धा तास थांबावे लागे. या अर्ध्या तासात जे जे हलले, ते चित्रात उमटलेच नाही. खडक उमटला, त्यावरून गेलेले मासे मात्र कोठेच दिसेनात. तेव्हा कृत्रिम प्रकाशाची योजना करणे भाग पडले. मॅग्नेशियम धातू जळताना डोळे दिपविणारा पांढरा प्रकाश पडतो. बूताँच्या साहाय्यकांनी हवेने भरलेले एक मोठे पिंप घेतले, त्यावर काचेची घंटा बसविली, घंटेत स्पिरिटचा दिवा पेटविला आणि रबरी गोळा दाबून मॅग्नेशियमची पूड ज्योतीवर उडविण्याची सोय केली. एक छायाचित्र काढण्यासाठी एवढे मोठे पिंप वजने बांधून समुद्रात बुडवायचे! बूताँने तेही केले. पुढे १८९९ मध्ये विजेचे दिवे खाली सोडून त्याने ५० मीटर खोलीवरचे छायाचित्र मिळविले, आणि १९०० मध्ये या साऱ्या खटाटोपाचा वृत्तांत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला.

बूताँच्याही आधी, १८५६ च्या फेब्रुवारीत, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील वेमथच्या उपसागरात विल्यम टॉम्सन नावाच्या गृहस्थाने असाच एक प्रयत्न केला होता. पुलांचे पाण्याखालचे खांब पाणबुड्या न उतरविता पाहता यावेत, हा त्याचा हेतू. त्याने लाकडी पेटीला समोर जाड काच बसविली, आत कॅमेरा ठेवला, आणि होडीतून ती पेटी सुमारे साडेपाच मीटर खाली सोडली. दोरी ओढून झडप उघडली आणि दहा मिनिटे वाट पाहिली. पेटी वर काढली, तेव्हा ती पाण्याने भरलेली होती. तरीही काचेवर तळाचे अंधूक चित्र उमटले होते. म्हणजे पाण्याखालचे पहिले छायाचित्र आणि कॅमेऱ्यात पाणी शिरण्याचा पहिला अपघात या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी घडल्या.

रंगीत छायाचित्र यायला आणखी बराच काळ जावा लागला. १९२६ साली अमेरिकेत फ्लोरिडाजवळच्या समुद्रात विल्यम लाँग्ली आणि चार्ल्स मार्टिन यांनी माशांची रंगीत छायाचित्रे काढली. त्यांनीही मॅग्नेशियमची पूडच वापरली. पण ती पाण्यात न नेता तराफ्यावर ठेवून पेटविली. एकदा थोडीशी पूड अवेळी पेट घेऊन लाँग्ली चांगलाच भाजला. पाण्यात पोहणाऱ्या माशाच्या रंगासाठी माणसाने आगीत हात घालावा, हे आज कोणाला वेडेपणाचे वाटेल. पण ती चित्रे १९२७ च्या जानेवारीत छापून आली, तेव्हा समुद्राच्या पोटातले खरे रंग लोकांना प्रथमच घरबसल्या पाहावयास मिळाले.

आज हे सारे सामर्थ्य तळहातावर मावेल एवढ्या डिजिटल कॅमेऱ्यात आले आहे. काही छोटे कॅमेरे तसेच पाण्यात १५ मीटरपर्यंत नेता येतात. इतरांसाठी पारदर्शक कठीण प्लास्टिकची पेटी मिळते. पूर्वी फिल्मच्या एका गुंडाळीवर ३६ चित्रे निघत, आणि ती संपली की वर येण्यावाचून गत्यंतर नसे. पाण्यात फिल्म बदलणार कशी? आता शेकडो चित्रे काढता येतात आणि काढलेले चित्र तत्क्षणी पडद्यावर पाहून चूक सुधारता येते. आणि तरीही सातारा-सांगलीकडून मालवणला सहलीस गेलेला एखादा विद्यार्थी असा कॅमेरा घेऊन सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकांवर पोहतो, वर येऊन मोठ्या उत्सुकतेने चित्रे पाहतो, आणि हिरमुसला होतो. डोळ्यांनी पाहिलेला पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा मासा चित्रात हिरवट धुक्यातला ठिपका होऊन बसलेला असतो. विद्यार्थ्याला वाटते, कॅमेरा वाईट आहे. वास्तविक कॅमेऱ्याने आपले काम प्रामाणिकपणे केलेले असते. पाण्याचे स्वभावधर्म त्या विद्यार्थ्यास ठाऊक नसतात, एवढेच.

पाण्याचा पहिला स्वभाव असा की, ते रंग गिळते. सूर्याच्या पांढऱ्या प्रकाशात इंद्रधनुष्यातले सर्व रंग असतात. पण पाण्यातून जाताना ते सारखेच टिकत नाहीत. सर्वांत आधी लाल रंग नाहीसा होतो. स्वच्छ समुद्रातही सुमारे पाच मीटर खाली त्याचा फारच थोडा अंश उरतो. मग नारिंगी जातो, त्यामागून पिवळा. आणि फार खोल गेल्यावर निळ्याचेच राज्य राहते. पाणबुड्याच्या बोटाला खोल पाण्यात खडकाची धार लागली, तर निघणारे रक्त त्याला लाल न दिसता हिरवट-काळे दिसते.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. प्रकाशाची वाट केवळ वरून खाली अशी मोजून चालत नाही. सूर्यप्रकाश पृष्ठभागापासून माशापर्यंत येतो आणि तेथून कॅमेऱ्यापर्यंत जातो. ही दोन्ही अंतरे पाण्यातूनच काटावी लागतात. मासा चार मीटर खोलीवर आहे आणि छायाचित्रकार त्याच्यापासून तीन मीटर दूर आहे असे समजा. प्रकाशाला एकूण सात मीटर पाणी ओलांडावे लागले. तोच छायाचित्रकार अर्ध्या मीटरवर गेला, तर साडेचारच मीटर. खोली तीच, मासा तोच. पण चित्रातला रंग निराळा. म्हणूनच या कलेतले जाणकार नवशिक्याला पहिला उपदेश करतात तो ‘जवळ जा’ असा. आणि तो जवळ गेला की म्हणतात, ‘आणखी जवळ जा.’ चित्र मोठे दिसावे म्हणून कॅमेऱ्यातला झूम वापरणे हा काही यावरचा उपाय नव्हे. झूमने मासा मोठा दिसेल, पण मधले पाणी कमी होणार नाही.

दुसरा स्वभाव वाकविण्याचा. रिकाम्या वाटीत नाणे ठेवून, ते काठाआड जाईल इतके मागे सरकावे आणि कोणाला तरी वाटीत पाणी ओतावयास सांगावे. नाणे जागचे न हलता दिसू लागते. पाण्यातून हवेत येताना प्रकाशकिरण वाकतो, त्याचा हा परिणाम. कॅमेऱ्याच्या पेटीत हवा असते. त्यामुळे सपाट काचेतून आत शिरणारा प्रत्येक किरण असाच वाकतो. परिणामी चार फुटांवरचा मासा तीन फुटांवर असल्यासारखा वाटतो आणि सुमारे एक तृतीयांशाने मोठा दिसतो. कोळी बांधवांच्या जाळ्यातून निसटलेला मासा नेहमी मोठाच असतो म्हणतात. पाण्यात पाहिलेल्या माशाबाबत मात्र ती अतिशयोक्ती विज्ञानाला धरून आहे! कॅमेऱ्याला हे आभासी अंतर चालते; तो त्यालाच नेम धरतो. पण त्याच्या दृष्टीचा आवाका अरुंद होतो. जमिनीवर जेवढा देखावा चौकटीत बसला असता, तेवढा पाण्यात बसत नाही. म्हणून पाण्याखाली रुंद दृष्टीचे भिंग उपयोगी पडते. ते लावले की जवळ जाऊनही सबंध खडक चौकटीत येतो.

तिसरा स्वभाव सर्वांत त्रासदायक. समुद्राचे पाणी काचेसारखे दिसले, तरी त्यात वाळूचे कण, सूक्ष्म जीव आणि वनस्पतींचे तुकडे तरंगत असतात. कॅमेऱ्याचा स्वतःचा प्रकाशझोत, म्हणजे फ्लॅश, भिंगाच्या अगदी शेजारी असतो. तो चमकला की समोरचा प्रत्येक कण उजळून परत भिंगाकडेच प्रकाश फेकतो, आणि चित्रावर जणू हिमवर्षाव होतो. धुक्यात मोटारीचे मोठे दिवे लावले असता रस्ता न दिसता धुकेच उजळते, तसेच हे. यासाठी अनुभवी लोक निराळा दिवा एका दांडीवर बसवून तो बाजूस, दूर ठेवतात. मग उजळलेला कण दिसला, तरी त्याची उजळ बाजू भिंगाकडे नसते. ज्याच्याजवळ असा दिवा नाही, त्याने दूरच्या देखाव्यासाठी फ्लॅश सरळ बंद करावा. मात्र वस्तू अर्ध्या मीटरच्या आत असेल, तर हाच फ्लॅश मित्र ठरतो. तेथे मध्ये कणही थोडे, आणि प्रकाशाची जा-ये मिळून एकच मीटर. त्यामुळे गिळला गेलेला लाल रंग परत दिसू लागतो. करड्या वाटणाऱ्या खडकावर फ्लॅश पडताच लालभडक स्पंज प्रकट होतो. आपल्याला इतका वेळ खोटाच रंग दिसत होता, हे पाहून पहिल्या खेपेस पुष्कळ जण चकित होतात.

फ्लॅश न वापरता रंग सुधारण्याचीही एक युक्ती आहे. पांढरे म्हणजे काय, हे कॅमेऱ्याला शिकवता येते. पांढरी पाटी किंवा तळाची पांढरी वाळू त्याच्यासमोर धरून ‘हे पांढरे समज’ अशी कळ दाबली, की तो इतर रंग त्या मानाने जुळवून घेतो. मात्र चार मीटरवर शिकविलेला धडा दहा मीटरवर चालत नाही. खोली बदलली की पाटी पुन्हा दाखवावी लागते. आणि जो लाल रंग मुळी उरलाच नाही, तो या युक्तीनेही येत नाही. उथळ पाण्यात तिचा उपयोग अधिक.

सूर्य डोक्यावर असतो, त्या वेळी, म्हणजे सकाळी दहापासून दुपारी दोनपर्यंत, पाण्यात प्रकाश चांगला शिरतो. सूर्य कलला की पुष्कळसा प्रकाश पृष्ठभागावरूनच परावर्तित होतो, आणि जो आत येतो त्याला तिरप्या, लांबच्या वाटेने यावे लागते. पोहणाऱ्याचा स्वाभाविक कल वरून खाली पाहण्याचा असतो. पण तसे काढलेले चित्र सपाट येते. माशाची पाठ आणि तळाचा खडक एकमेकांत मिसळून जातात. त्यापेक्षा माशाच्या पातळीला जावे, जमल्यास त्याच्या थोडे खाली, आणि कॅमेरा किंचित वर रोखावा. मग निळ्या पाण्याच्या पडद्यावर मासा उठून दिसतो. शांत पाण्यात सरळ वर पाहिले, तर मोठी मौज दिसते: बाहेरचे सगळे आकाश, या क्षितिजापासून त्या क्षितिजापर्यंत, एका वर्तुळात गोळा झालेले असते, आणि त्या वर्तुळाबाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा होतो. त्या उजळ वर्तुळातून जाणाऱ्या माशांच्या थव्याची काळी छाया ही साध्या कॅमेऱ्यानेही उत्तम टिपता येते; तेथे रंगाची गरजच नसते.

माशाच्या मागे धावू नये, हे मात्र अनुभवानेच कळते. पाठलाग करणाऱ्याला चित्र मिळते ते बहुधा शेपटीचे. कॅमेऱ्याची कळ दाबल्यापासून चित्र उमटेपर्यंत थोडा वेळ जातो, आणि तेवढ्यात मासा चौकट सोडून जातो. म्हणून कळ अर्धी दाबून नेम आधीच साधून ठेवावा आणि स्तब्ध राहावे. आपल्या दगडाची राखण करणारा लहान मासा पुनःपुन्हा त्याच जागी येतो. त्याचा डोळा स्पष्ट दिसला, की कळ पूर्ण दाबावी. कोकणच्या किनाऱ्यावर नद्यांचा गाळ समुद्रात येतो, त्यामुळे लक्षद्वीपच्या पाण्याइतके दूरवर येथे दिसत नाही. पावसाळ्यात तर काहीच दिसत नाही; आणि त्या खवळलेल्या समुद्रात कोणी उतरूही नये. पाऊस सरून गाळ खाली बसल्यावरही मालवणच्या पाण्यात दूरच्या देखाव्यापेक्षा जवळच्या लहान वस्तू टिपणे अधिक शहाणपणाचे. कॅमेऱ्यावर फुलाचे चिन्ह असलेली सोय त्यासाठीच असते. खडकावरचा एखादा पुष्पासारखा समुद्रजीव, शंखातून डोकावणारा खेकडा, हे विषय काय कमी आहेत?

या नादात दोन धोके संभवतात, आणि दोन्ही क्षुल्लक नाहीत. चौकटीत डोळा गुंतला की माणसाला स्वतःचा विसर पडतो. हवेची टाकी घेऊन उतरलेला छायाचित्रकार हवा किती उरली हे पाहावयाचे विसरतो. आपला सोबती कोठे गेला हेही त्याला कळत नाही. ‘एवढे एकच चित्र’ म्हणत तो शेवटच्या हवेपर्यंत थांबतो आणि मग घाबऱ्या घाबऱ्या श्वास रोखून वर झेपावतो. दहा मीटर खाली फुप्फुसात घेतलेली हवा पृष्ठभागावर येईतो दुप्पट फुगते. रोखलेला श्वास अशा वेळी फुप्फुस फाडू शकतो. म्हणून शिक्षक नवशिक्याला बरेच दिवस कॅमेरा हाती धरूच देत नाहीत. आधी पाण्यात न बुडता, न तरंगता अधांतरी स्थिर राहणे साधले पाहिजे.

दुसरा धोका माणसाला नसून समुद्राला असतो. स्थिर राहता न येणारा छायाचित्रकार आधारासाठी प्रवाळाला धरतो, किंवा वळताना त्याच्या पायांतील वल्ह्यासारख्या पट्ट्यांचा फटका प्रवाळाला बसतो. प्रवाळ दगडासारखे दिसले, तरी ती असंख्य सूक्ष्म प्राण्यांची वसाहत असते. त्यांच्या घट्ट, गोल गाठी वर्षाला जेमतेम एखादा सेंटीमीटर वाढतात. म्हणजे ओंजळीएवढा तुकडा मोडला, तर तो भरून यायला कित्येक वर्षे लागतील. भारतात प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण मिळालेले आहे आणि मालवणच्या समुद्राचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. पण पाण्याखाली पहारा ठेवणार कोण? तेथे छायाचित्रकाराचा हातच काय तो पहारेकरी. चांगल्या चित्रासाठी एखादा जीव कपारीतून ओढून उघड्यावर ठेवणारे लोकही आढळतात. अशा चित्रात तो जीव दिसतो, पण त्याचे घर दिसत नाही. आणि बूताँ तर ते घर दाखविण्यासाठीच खाली उतरला होता.

आता कॅमेऱ्याच्या निगेविषयी. टॉम्सनच्या पेटीत पाणी शिरले, तसे आजही शिरते. पेटीच्या झाकणाला काळ्या रबराचे एक बारीक वेटोळे असते. सगळा भरवसा त्याच्यावर. त्यावर वाळूचा एक कण किंवा डोक्याचा एक केस राहिला, तरी त्या फटीतून पाणी वाट काढते. उतरण्यापूर्वी हे वेटोळे बोटांनी हळुवार काढावे, स्वच्छ पुसावे, त्यावर पेटीबरोबर आलेल्या वंगणाचा नुसता हात फिरवावा आणि उजेडात धरून नीट पाहावे. हे काम हलत्या होडीत, ओल्या हातांनी, वाऱ्यावर करणे म्हणजे संकटाला आमंत्रण होय. ते घरीच, दिव्याखाली उरकावे. नवी पेटी असेल, तर पहिल्या खेपेस ती कॅमेऱ्याशिवाय, आत कोरडा कागद ठेवून बुडवावी. कागद कोरडा निघाला, की मग कॅमेरा.

वर आल्यावर पेटी लगेच उघडू नये. समुद्राचे पाणी वाळले की मीठ मागे राहते, आणि त्याचे खडे कळांच्या सांध्यांत जाऊन बसतात. म्हणून बंद पेटी तशीच गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवावी, आतल्या आत सगळ्या कळा दाबून पाहाव्या, मऊ फडक्याने टिपावी, सावलीत वाळवावी, आणि हात, केस व अंगावरचे पाणी पूर्ण सुकल्यावरच झाकण उघडावे. चित्रे पाहण्याची घाई त्या वेळी फार होते. पण टॉम्सनने काचेसाठी दहा मिनिटे आणि बूताँने खडकासाठी अर्धा तास वाट पाहिली होती. बादलीजवळ तेवढा वेळ बसणे फारसे अवघड नाही.